बास्केटच्या पोरांचा भंडारा

आमी मूळचं जतच्या बी पल्याडचं, कर्नाटकाच्या अंगाचं, जितं पावन्यानं पानी मागितलं की घरवाली आदी घागरीत वाकून बगती आन् मंग ताक देती. आज्जा मेंढरांमागं, बाप मेंढरांमागं, आन् मी मेंढरांच्या लय मागं, कारन मला चालायचा कटाळा. शाळा इचारू नका. शाळंवरनं कळप न्यायचो तवा येखादं मेंढरू वर्गात शिरायचं, मी काय कवा शिरलो न्हाई, म्हंजे आमच्यात शिकल्यालं म्हनायचं तर ते मेंढरू.

पर देवानं उंची दिली. काय सांगू तुमाला, डोसक्यात घालायचं ऱ्हायलं ते समदं टांगंत घातलं. ऐन जवानीत मिरजंच्या अंगाला खतासाठी मेंढरं बसवायला आल्यालो, एका कॉलेजच्या मागच्या रानात, तवा तितलं खेळाचं सर, माने सर, कुंपनापाशी आलं, मला खालनं वर बगितलं, परत वरनं खाली बगितलं, आन् म्हनलं, गड्या, कितवी शिकलायस? मी म्हनलं, अजून बसलोच न्हाई. सर हासलं, म्हनलं, बास्केटबॉलला तुज्या उंचीचा मला सेंटर पायजे हुता रं, आता निदान शिपाई तरी हो. असा मी बास्केटच्या संघात आलो, हातात झाडू घिऊन. पयल्या संघाचा फोटो हाय जिमखान्यात, तुमी बगितलासा न्हवं, त्यात कडंला समद्यात उंच उभा हाय त्यो मीच. लोकं इचारत्यात, ह्यो कॅप्टन व्हय? मी म्हनतो, व्हय, सड्याचा. कोर्ट मातीचं हुतं, रोज सडा मारायचा, रूळ फिरवायचा, फक्कीनं रेघा मारायच्या, आन् माजी रेघ अशी की पंच म्हनायचा, आज मैदानाला पोट सुटलंय.

पोरं यायची उसाच्या रानातली, शिराळ्याकडची, वाळव्याकडची, दूध पिऊन वाढल्याली. पयल्या म्हैन्यात बॉल धरायचा कसा ते कळायचं न्हाई, छातीशी कवटाळून पळायची, पर दिवाळीपतूर अशी तयार हुयाची की बगत ऱ्हावं. आन् संघ तयार झाला रं झाला की भरती निघायची. फौजंची. एकाचा चुलता फौजंत, दुसऱ्याचा मामा फौजंत, उंची हाय, दम हाय, सरांनीच पळवून पळवून वाढवल्याला, मंग काय, सकाळी उठून बगावं तर संघ गायब. भरतीत अनवानी पळायचं म्हनून बूट हितंच टाकून जायची, आन् पुढल्या वर्सीची पोरं तीच बूट घालून खेळायची. काय सांगू, आमच्या संघाचा इतिहास इचारलासा तर ह्योच हाय, एक पोरगं गेलं, त्याच्या बुटात दुसरं आलं, त्ये बी गेलं.

एका वर्सी तर फायनलला पाचच पोरं उरली. बाकड्यावर कोन न्हाई. माने सर म्हनलं, मायाप्पा, तू संघाचं बनेन घाल आन् नुसता बस, समोरच्याला बाकडं भरल्यालं दिसू दे. मी बसलो. आन् बॉल कडंनं सुटून आला की वो माज्याकडं, आता बॉल सुटला काय आन् कोकरू सुटलं काय, मी उठलो, धरला, काखंत मारला आन् जिमखान्याकडं चालाय लागलो. पंच शिट्टी फुकतोय, सर वरडत्यात, मायाप्पा, अरं खेळ चाललाय! मी थांबतोय कुटला. मला वाटलं माजं कौतिक चाललंय.

हारलो. सर पायरीवर डोस्कं धरून बसलं. मी म्हनलं, सर, आमच्यात बगा, गडी दुसऱ्याच्या कळपासंगं रानोमाळ जानार आसला तर हळदीचा भंडारा मुठीत घिऊन बिरोबाचं नाव घेतो, मंग मेला तरी मधी सोडून जात न्हाई. सर म्हनलं, कर बाबा, तुज्या देवाला जमत आसलं तर बग. तवापासनं दर दसऱ्याला कोर्टाच्या मधी बॉल ठेवायचा, म्होरं भंडारा, आन् येकेक पोरानं मूठ भरून म्हनायचं, झोनल हुईस्तवर संघ सोडनार न्हाई. झोनल म्हंजे विद्यापीठाचं आमच्या भागातलं सामनं.

आन् भंडारा उचलून बी पोरं जायाचीच! एकानं तर ष्टँडावरनं फोन केला, मामा, बिरोबाला सांगा, देशासाठी चाललोय. मी बी सांगायचो. बिरोबाला बी सवय झाल्याली. पर शिव्या लय घालायचो, कोर्टावर बी घालायचो आन् घरी जेवताना बी, पळपुटं साली, मधी सोडून जानाऱ्या मानसापरास मेंढरू बरं. आन् शेजारी बसून भाकरी खात माजं पोरगं त्ये ऐकायचं, सिदू.

सिदू मोटा झाला, माज्याबी वर गेला, त्याच कॉलेजात घातला, संघात आला. त्याच्या आईचं, यल्लव्वाचं, एकच सपान, पोराच्या अंगावर वर्दी. माजं बी तेच की, खोटं कशाला बोलू.

माने सर रिटायर झालं. त्यांच्या जागी नव्या मॅडम आल्या, त्यांनी बोलावून सांगितलं, मामा, दोन वर्सं झालं संघात पाच पोरं बी हुबी ऱ्हाईनात, यंदा झोनलला संघ पुरा उतरला न्हाई तर संघ बंद, कोर्टावर गाड्या लावू. म्हनून त्या दसऱ्याला भंडारा जरा जास्तच आनला, पोरांनी उचलला, सिदूनं बी उचलला, आन् मी खुळा कडंला हासत हुबा.

मंग भरतीची तारीख आली. झोनल सातारला, आन् त्याच दिशी भरती. सिदूच्या वयाला बसनारी शेवटची.

आता माजं शौर्य ऐका. जल्मभर दुसऱ्याच्या पोरांना पळपुटं म्हनल्याला मी, माज्या पोराची पिशवी रातीच भरून ठेवली, भाकरी, शेंगाची चटनी, टावेल. संघ गेला खड्ड्यात. सकाळी सिदू उंबऱ्यावर बूट बांधाय बसला. मी म्हनलं, भरतीला बूट कशाला रं? त्यो म्हनला, आबा, मी सातारला निगालोय.

यल्लव्वा चुलीपासनं उठून आली, तिच्या हातात फुकनी तशीच. मी म्हनलं, खुळा हाईस का, जन्माचं वाटोळं करतोस? त्यो म्हनला, भंडारा उचललाय. मी म्हनलं, आरं देव समजून घेतो, मी सांगतो त्याला, इतकी वर्सं सांगतच आलोय न्हवं! सिदू हुबा ऱ्हायला, म्हनला, आबा, त्या पोरांचा त्यो देव नव्हता. आपला हाय.

आन् गेला. यल्लव्वा माज्याकडं बगून एवडंच म्हनली, आवं, खेळात देवाला कशाला घातलासा मधी?

मी ती पिशवी घिऊन मागनं सातारला. संघ पुरा उतरला, पाचच्या पाच. आन् असं हारलो, असं हारलो, मला आकडं वाचता येत न्हाईत तरी बोर्ड बगून कळलं. सिदू पळतोय, पडतोय, उठतोय, आन् मी बाकड्यावर पान्याची बाटली धरून, माज्या डोळ्याम्होरं सामना न्हाईच, आता तिकडं पोरं पळत आसतील, आता छाती मोजत आसतील, आता नावं पुकारत आसतील. खेळ सपला तरी मी हाललो न्हाई. सिदू घाम पुसत आला, म्हनला, आबा, भूक लागलीया. भरतीची भाकरी त्यानं तितंच बसून खाल्ली, चटनी कमी पडली म्हनून मलाच बोलला.

संघ ऱ्हायला. मॅडमनी समद्यांम्होरं माजं नाव घेतलं, मामांचा मुलगा म्हनून, टाळ्या वाजल्या, आन् मला वाटलं जमीन फाटंल तर बरं. घरात यल्लव्वा जेवाय वाढती, पर निरोप कुत्र्याकडं देती, सांग त्यांला, भाकरी गार व्हाय लागलीया. कुत्रं बी माज्याकडं अशी नजर करतंय की गुन्हा त्याला पाठ झालाय.

यंदा नवी पोरं इचाराय आली, मामा, भंडारा कवा? मी म्हनलं, हळद म्हाग झालीया, बॉलला फूल वाहा आन् पळा. ज्याला जायाचं आसंल त्यानं सांगून जावा, मी शिव्या घालनार न्हाई.

सिदू बेदान्याच्या कोल्ड स्टोरेजात कामाला हाय. पोलिसात वय अजून बसतंय म्हनं, म्हनून पाटंचं पळाय जातो, सांजच्याला नव्या पोरांना शिकवतो, आन् मानूस कमी पडलं तर बाहेरच्या खुल्या सामन्यात स्वतः उतरतो, तसा पोरांना शब्दच दिलाय. पोलिसभरतीची तारीख अजून लागली न्हाई, आन् पोरांच्या खुल्या सामन्याची बी न्हाई. मी बिरोबाम्होरं रोज हुबा ऱ्हातो, मूठ भरत न्हाई, नुसता हात जोडतो, म्हनतो, देवा, आमच्या पोराला शब्द पाळायचं याड लागलंय, त्ये तुज्याकडनं न्हाई, माज्या थोबाडामुळं लागलंय, त्याचं बरं कर, कॉलेजच्या पोरांचं बी बरं कर, आन् ह्या बारीला ह्या दोन तारखा तेवड्या लांब लांब ठेव.