तेवीस नंबर

अरे, माझा दिवाळसण वाचवला तो आमच्या ऑफिसातल्या चहावाल्या सुमनबाईनं! दिवाळीची सुटी एकालाच मिळणार होती. साहेब नव्या कॉम्प्युटरवर हात ठेवून म्हणाले, "सगळे एकेक नंबर घ्या. मशीन कोणता काढंल, देवालेही माहीत नाही!"

सुमनबाई चहा देता देता कुजबुजली, "भाऊ, तेवीस घ्या."

"काहून वं बाई?"

"साहेब रोज पाहुण्याइले मशीनवर नंबर काढून दाखवते. चालू केली का पहिला नंबर तेवीसच येते."

मी तेवीस घेतला. साहेबांनी मशीन चालू केली अन् तेवीसच आला. मी नरखेडला सासरी जाऊन पुरणपोळ्या हाणल्या.

पुढच्या दिवाळीपर्यंत साहेब सोडून सगळ्यांना हे कळलं होतं. मग तेवीस कोणी घ्यायचा, हे ठरवायला आम्ही सुमनबाईच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या!