प्लेटभर बुरशी

परक्यांच्या संभाषणास कान देणे मी असभ्य मानतो; परंतु धारवाडहून हुबळीस निघालेल्या बसमध्ये पुढच्या बाकावरील दोघी बहिणींनी मला पर्यायच ठेवला नाही. धाकटी सप्तापूरला धावत येऊन चढली होती.

"सावनी, आधी सांग, बुरशी आली का?"

"आली, अक्का. पांढरी, कापसासारखी, प्लेटभर."

"सुटलीस बाई. मारुतीला नारळ बोलले होते."

"तेल न घातलेल्या प्लेटमध्ये ती यायलाच हवी होती. तीच कोरी राहिली, तर गवती चहाच्या तेलानं बुरशी थांबते हे मी कशावरून म्हणणार? सर म्हणाले होते, या खेपेला नाही आली तर विषय बदल."

"मग मागं दोनदा का रुसली होती?"

"सगळ्या प्लेटा मी एकाच डब्यात ठेवत होते. तेलाची वाफ बिनतेलाच्या प्लेटलाही लागत होती."

"तीन वर्षं शिकून एवढं कळलं होय?"

"तुझ्यामुळं कळलं. ओव्याशेजारी ठेवलेल्या साखरेनं चहा बिघडला, म्हणून तू फोनवर तक्रार केलीस ना? त्याच दिवशी मी प्लेटा वेगवेगळ्या डब्यांत ठेवल्या."

"सरांना सांगितलंस हे?"

"सांगितलं. प्रबंधात तुझे आभार मान म्हणाले."

"माझे नको, सासूबाईंचे मान. साखर तिथं त्यांनीच ठेवली होती."

"बरं, त्यांचे मानते."

"आणि त्यावरून मी आठ दिवस त्यांच्याशी बोललेली नाही. आज गेल्या गेल्या चहा टाकते. त्याच साखरेचा."