लेकराच्या तेलातलं कटर

आमच्या ह्यांचं डोकं कसं चालतं, ऐका. बाळाचं उष्टावण तोंडावर आलेलं, अंगडं अर्धंच शिवलेलं, आणि शिलाई मशीनच्या आतल्या दातेरी चाकाचे दात तुटले.

"दात पाडायचं कटर घरीच करतो, नवं चाक आपणच कापू," म्हणत हे परसातल्या त्यांच्या कातकामाच्या लेथपाशी गेले. जुनी कानस घासून कटर घडवलं, शेगडीत लाल केलं आणि टणक व्हायला बुडवलं ते थेट बाळाच्या मालिशच्या तेलात.

"अहो, ते लेकराचं तेल," मी म्हटलं.

"मग? त्यानं लेकरू टणक होतंय, तर कटर न्हाय व्हायचं?"

बाळ अंग धरतंय की नाही, ही माझी रोजची धास्ती. पण त्या कटरनं पितळेचं चाक अगदी नेमकं कापलं, अंगडं वेळेत झालं, आणि तेव्हापासून तेच जळक्या वासाचं तेल मी बाळाला निर्धास्त चोळते.