चिकूच्या शेडमधला गलका

डहाणू स्टँडवर तलासरीच्या बसच्या रांगेत माझ्या पुढे दोन मुली एकच इअरफोन वाटून घेऊन उभ्या होत्या.

"रूपी, मिळालं गं! अभ्यासाला लावायचं म्युझिक मिळालं!"

"परत बासरी?"

"बासरीने झोप येते. गाणी लावली की मीच गायला लागते."

"मग उद्या नर्सिंगच्या पेपरात काय लिहिणार, भाविनी?"

"ऐक तर! बारावीपर्यंत सगळा अभ्यास मी घोलवडला चिकूच्या शेडमध्ये बसून केला. आई आणि बायका खोकी भरायच्या आणि नुसता गलका! हंसामावशी तर एकटीच दहा जणींची. हॉस्टेलच्या शांततेत माझं डोकंच चालत नाही. म्हणून आईला म्हटलं, शेडमध्ये फोन ठेव, तासभर रेकॉर्ड कर, मला अभ्यासाला पाहिजे."

"केलं?"

"हे बघ, लावलंय."

"काहीच ऐकू येत नाही गं. कागद वाजतोय फक्त. बायका कुठे गेल्या?"

"सगळ्या तिथेच आहेत. थांब, पहिल्यापासून लावते."

"'बायांनो, आता कोणी तोंड उघडायचं नाही. माझी पोर यावर अभ्यास करणार आहे.' अगं, ही तुझी आई! आणि हंसामावशी गप्प?"

"तासभर!"

"मग आता परत रेकॉर्ड करायला सांग, गलका."

"वेडी आहेस का? कालपासून यावर अर्धं पुस्तक झालं! मधेच हंसामावशीला खोकला येतो ना, तोसुद्धा ती पदरात दाबते. आता मी जागची उठू कशी?"