बॅगेतले बूट आणि पोरीच्या नडग्या

आमी गुहागरच्या बाजूचे, कातळावरचं गाव. तिथं पोराला मिसरूड फुटलं की एक तर मुंबई न्हायतर गल्फ, मी इकडं गल्फला आलो. बौशरला फिजिओथेरपीच्या एका क्लिनिकात ड्रायव्हर हाय, राहतो रुवीत, एका खोलीत चौघं. पेशंटला आणायचं, सोडायचं, व्हॅन पुसायची. काम बरं हाय, अर्बाब म्हणजे मालक पण देवमाणूस, खोटं कशाला बोलू.

तर माझी मुलगी वैशाली, तिला पोलिसात जायचं व्हतं. आमच्या वाडीत पोरीनं खाकी घातलेली कोणी बघितलीय? पण तिचं एकच, बाबा, मला भरतीला उतरायचंय. म्हटलं उतर. ती तिकडं सकाळी पळायची आणि मी काय केलं, तिला सोबत म्हणून इकडं पळायला लागलो, हसू नका, हे पोट घेऊन, रुवीच्या फुटपाथवर, त्या कडक लाद्यांवर, ड्युटीचेच बूट घालून. मग फोन, बाबा, झालं का पळून? झालं गं बाय. लांब असलो तरी एवढं तरी बरोबर करतोय, असं वाटायचं.

थोड्याच दिवसांत नडग्या अशा दुखायला लागल्या की क्लच दाबताना जीव जायचा. क्लिनिकातल्या मॅडम पुण्याच्या, त्या म्हणाल्या काका, लंगडताय का? आत बोलावलं, नडगीच्या आतल्या कडेनं अंगठा दाबत गेल्या, म्हणाल्या सगळीकडे दुखतंय ना, मग घाबरू नका, एकदम जास्त पळालात, ते पण दगडावर, त्याचा ताण आलाय. एकाच बोटभर जागी ठणकलं असतं तर एक्स-रे काढायला लावला असता. मी आपला हसत बोललो, मॅडम, माझ्या मुलीला पण हेच झालंय, ती तर पायाला पट्टी बांधून पळते, भरती जवळ आली ना. मॅडमचं हसू गेलं. म्हणाल्या तिला आधी थांबवा.

आता काय सांगू तुमाला, तिथनंच फोन लावला तर पोरगी रडायलाच लागली. बाबा, थांबले तर ही भरती गेली, परत कधी निघेल काय माहीत, तोवर तुमी माझं लग्न लावून द्याल. मी फोन मॅडमच्या हातात दिला. त्या म्हणाल्या, बाळा, आता थांबलीस तर भरतीला पळशील, दुखत असताना पळत राहिलीस तर हाडाला चीर जाईल, मग खरंच घरी बसशील. तिकडच्या डॉक्टरला पाय दाखव, बर्फ फडक्यात गुंडाळून लाव. दुखायचं थांबलं की पायरीवर उभी राहून टाचा वर-खाली कर, आधी चाल, मग थोडं पळ, डांबरी रस्त्यावर नको, मातीवर, आणि हळूहळू वाढव. आणि हो, बुटांचा फोटो पाठव.

फोटो आला, मी मोठा करून बघितला. शाळेतले कॅनव्हासचे बूट, तळ घासून पातळ झालेला. आणि पळायचे चांगले बूट, तिच्याच मापाचे, माझ्या खाटेखाली बॅगेत पॅक! आमचं गल्फवाल्यांचं असंच. साबण, अत्तर, टॉर्च, सगळं बॅगेत भरत राहायचं, सुट्टीला जाऊ तेव्हा आपल्या हातानं द्यायचं, समोरच्याचं तोंड खुललेलं बघायचं. मॅडम म्हणाल्या, काका, ते तोंड नंतर बघा. खोलीतला रमेश गावी निघाला व्हता, त्याची बॅग गच्च, वजन आधीच जास्त. म्हटलं हातात ने, पण ने. त्यानं लेस बांधून बूट गळ्यात अडकवले आणि तसाच विमानात बसला.

शाळेच्या मैदानात मऊ माती, पण तिथं पोरं क्रिकेट खेळतात म्हणून ही जायची न्हाय. मग हिची आई रोज मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहायला लागली, पोरं गप बाजूला. हळूहळू दुखणं उतरलं.

मैदानी चाचणीच्या दिवशी मी अल मवालेहच्या भाजी मार्केटबाहेर व्हॅन लावून फोनकडं बघत बसलो, मागं बसलेला पेशंट बोलतो यल्ला, चल लवकर, मी बोलतो दोन मिनटं बाबा. फोन आला, नुसती धापा टाकतेय. मी म्हटलं दुखलं का गं? बोलली, न्हाय दुखलं, बाबा. पास झाली का, ते मी मागनं विचारलं.

झाली. आता खाकीत असते. मला बूट पाठवलेत, चांगले मऊ तळाचे. मी सवयीनं बॅगेत टाकणार तेवढ्यात तिचा फोन, बाबा, पायात घालून फोटो पाठवा. हे बघा, हेच ते. आता आमी परत एकाच टायमाला पळतो, मी जरा बेतानंच, मातीवर. देव तिचे पाय असेच धड ठेवो, तुमच्या पण लेकरांचे.