सासूबाईंची बाही आणि माझा सर्व्हर

नाही, पण मी म्हणतो, सासूबाईंना हे जमतंच कसं? तुम्हाला सांगतो, माझी अख्खी हयात सॉफ्टवेअरमध्ये गेली, आणि जिला टीव्हीचा रिमोट उलटा धरलाय हे सांगावं लागतं, ती बाई... जाऊ दे. जळत नाही हं मी, नुसतं सांगतोय!

झालं काय, ते नवीन सोशल मीडिया आलंय ना, ज्याला कुणी एक मालक नाही, जो तो आपला सर्व्हर थाटतो आणि सगळे एकमेकांशी बोलतात, ते म्हटलं सासूबाईंना समजावून द्यावं. कागदावर गोल काढले, बाण काढले, घसा कोरडा पडला! आणि त्या विणता विणता म्हणतात, ‘‘म्हणजे मी या बिल्डिंगमध्ये राहायचं आणि समोरच्या बिल्डिंगमधलीशी खिडकीतून बोलायचं. एवढंच ना?’’ एवढंच ना!! अहो, एवढ्यावरच मी ऑफिसात प्रोजेक्टर लावून भाषण दिलंय!

बरं, सर्व्हर निवडताना माणूस नियम वाचेल, तुलना करेल... मी केली! एकही पसंत पडेना म्हणून स्वतःचाच बांधला, कपड्यांच्या कपाटात ठेवलाय, सारखा घरघरतो. सदस्य कोण? मी! सासूबाईंना विणकामवाल्यांचा एक दिसला, ‘‘बायका बऱ्या वाटतात’’ म्हणून शिरल्या. चुकलेल्या स्वेटरचा फोटो टाकला, एक बाही हातभर, एक वीतभर, खाली लिहिलं, ‘आता अशा मापाचा माणूस शोधतेय.’ सकाळपर्यंत हजारभर फॉलोअर! माझे? विचारू नका. जळत नाही हं मी...

आणि दुःख त्याचंही नाही हो. बायको! सोफ्यावर शेजारी बसून फोनमध्ये बघत खुदुखुदु हसते. मला वाटलं, माझंच वाचतेय, महिनोन् महिने तिच्यासाठीच तर लिहितोय मी. तर म्हणते, ‘‘अहो, आईचं वाचलंत का?’’ म्हटलं, ‘‘आणि माझं?’’

‘‘तुम्ही लिहिता?’’

तुम्ही लिहिता!! आता बोला!

त्यात सासूबाईंचा फोन. ‘‘जावईबापू, तुम्हाला शोधत होते, तुमचं दार आतून बंद दिसतंय.’’ बघतो तर काय... सुरक्षा, सुरक्षा म्हणून पहिल्याच दिवशी बाहेरचे सगळे सर्व्हर मीच बंद केलेले! कुणी आत यायचं नाही, काही बाहेर जायचं नाही! इतके दिवस मी कपाटाशी बोलत होतो हो!

उघडलं. सासूबाईंनी तिकडे सांगून टाकलं, ‘हे आमचे जावई, हुशार आहेत, जरा बोला त्यांच्याशी.’ लोटली माणसं! मी हुरळलो, माझा सगळ्यात गंभीर लेख टाकला, बायकोलाही शेजारी बसवलं. धडाधड उत्तरं यायला लागली... आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, ‘सासूबाई कशा आहेत? त्या स्वेटरला माणूस सापडला का?’

काय करणार! लिहिलं, ‘सापडला. मीच घातलाय.’

आणि बायको हसली... माझ्या लिहिण्यावर, पहिल्यांदा!

जळत नाही हं मी. स्वेटर जाड आहे, त्यानं जरा गरम होतंय, इतकंच.