थोराच्या कुंपणातली नागीण

चहा आधी संपवा, मग हसा. पादरा गावाच्या वाटेवर महाराजांच्या पागेचं कुरण आहे ना, तिथं मी राखणदार होतो. आत गुरं सोडायची नाहीत, शिकार करायची नाही. गवत मात्र दसऱ्यानंतर कापायचं. त्या वर्षी थोराच्या, म्हणजे काटेरी निवडुंगाच्या, कुंपणालगत तित्तिराची मादी अंड्यांवर बसलेली. विळा आला की संपलीच बिचारी. म्हणून मी कापणाऱ्यांना दम दिला, "तिकडं नाग आहे. मरायचं असेल तर जा."

हे पागेच्या अंमलदारसाहेबांच्या कानावर गेलं. शहाणा माणूस! त्यांनी शहरातल्या लहरीपुऱ्यातून गारुडीच बोलावला, नि स्वतः घोड्यावरून बघायला आले.

माझी पाचावर धारण बसली. गारुडी टोपली घेऊन गवतात शिरला. मेला आता अंडी खिशात घालणार, असं मला वाटलं. तो वाकला, थबकला, त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि साहेबांकडं पाठ करून आपल्याच टोपलीतला नाग काढून वर धरला.

साहेब खूश. "सापडला! चला, कापा आता!"

मी गारुड्याला मनात आईवरून शिवी घातली. तेवढ्यात गारुडी नाग टोपलीत कोंबत म्हणाला, "साहेब, आ तो नाग छे. नागण हजी अंदर बेठी छे."

नागीण अजून आतच! जिचा धनी पकडून नेला, ती नागीण कुणाला सोडते होय? साहेबांनी घोडा मागं घेतला. तेवढा पट्टा उभाच राहिला.

पुढं फेरीवर आले की साहेब लांबूनच ओरडायचे, "अरे, गेली का ती?"

मी म्हणायचो, "बाळंतीण आहे साहेब, एवढ्यात कशी जाईल?"